‘विश यू वेअर हिअर’ : एक एलपी, एक कॅसेट (प्रकल्प नोंदी)

८ जून २०२५

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम १२ सप्टेंबर १९७५ रोजी प्रसिद्ध झाला. येत्या सप्टेंबरात त्याला पन्नास वर्षे होतील. माझ्याकडे तो दोन रूपांत आहे. एक म्हणजे माझ्या थोरल्या मावसभावाची, दादाची, एलपी, म्हणजे प्लेअरवर वाजवायची मोठी तबकडी, जी त्याने ठाण्याचे घर आवरताना गेल्या महिन्यात माझ्या हवाली केली. दुसरी म्हणजे त्याच एलपीवरून त्याने १९८६ च्या सुमारास मला भरून दिलेली नव्वद मिनिटांची कॅसेट. कॉलेजची सगळी वर्षे हा अल्बम मी त्या कॅसेटवर ऐकला. एलपी मात्र आजवर माझ्या हातात आली नव्हती. दोन्हींचे डिजिटल रूपांतर करावे, ती एकमेकींशी ताडून पाहावीत आणि इतक्या वर्षांनी त्यात काय ऐकू येते ते लिहून ठेवावे, एवढेच काम ठरवले आहे.

हाच अल्बम फोनवर क्षणात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे घरात विचारले गेले, आणि प्रश्न रास्त आहे. फोनवरची आवृत्ती उत्तम आहे आणि तुलनेसाठी मी ती वापरणारही आहे. परंतु माझ्या कानात बसलेला अल्बम दादाच्या प्लेअरमधून, त्याच्या डेकमधून आणि पुढच्या अनेक पावसाळ्यांमधून गाळून आलेला आहे. त्यातले मूळचे किती आणि वाटेत चिकटलेले किती, हे मला वेगळे काढून पाहायचे आहे.

आज फक्त मुखपृष्ठ तपासले. कडा झिजल्या आहेत, पण चित्र शाबूत आहे : स्टुडिओच्या आवारात दोन सूटधारी हस्तांदोलन करीत आहेत आणि त्यांपैकी एक पेटलेला आहे. हिपग्नॉसिस या मुखपृष्ठे तयार करणाऱ्या संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गर्सन यांची ही कल्पना होती आणि छायाचित्र ऑब्री पॉवेल यांनी कॅलिफोर्नियातील बरबँक येथे वॉर्नर ब्रदर्सच्या आवारात घेतले. त्यात कसलीही छायाचित्रीय करामत नाही. रॉनी रॉन्डेल हा स्टंटमन अग्निरोधक पोशाखावर सूट घालून खरोखरच पेटवून घेत होता. वारा उलटा फिरला तेव्हा ज्वाळा त्याच्या चेहऱ्यावर आल्या आणि त्याच्या मिशा जळाल्या. मग दोघांनी जागा बदलल्या आणि छपाईच्या वेळी चित्र उलटवण्यात आले. एवढे कष्ट घेऊन काढलेले हे छायाचित्र दुकानात मात्र काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनाखाली झाकून विकले गेले, कारण अल्बमचा विषयच गैरहजेरी हा होता. वेष्टनावर जॉर्ज हार्डी यांनी काढलेल्या दोन यांत्रिक हातांचे स्टिकर होते. दादाच्या प्रतीवर वेष्टन नाही आणि स्टिकरही नाही.

१५ जून २०२५

तबकडी उजेडात तिरकी धरली तेव्हा दोन्ही बाजूंना राखाडी ठिपके दिसले. ती बुरशी आहे. ठाण्याच्या दमट हवेत लाकडी कपाटाच्या तळाशी, आतल्या कागदी पाकिटात, इतकी वर्षे राहिलेल्या तबकडीला ती लागली नसती तरच नवल. पाकीट टाकून दिले, कारण बुरशीचा मुक्काम तिथेच असतो आणि स्वच्छ केलेली तबकडी पुन्हा त्यातच ठेवली तर सगळी मेहनत वाया जाते.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब असे मिश्रण केले. मधल्या लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून त्यावर स्टीलची वाटी उपडी दाबून धरली आणि मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकारच, हात फिरवला. आडवा हात फिरवल्यास घाण एका खाचेतून उचलली जाऊन शेजारच्या खाचेत जाते. नंतर निव्वळ पाण्याने दोनदा पुसून तबकडी ताटाळ्यात उभी ठेवली. या हवेत ती वाळायला संध्याकाळ झाली. पहिल्या बाजूच्या शेवटच्या पट्ट्यात एक आडवा चरा आहे, तो धुऊन जाणारा नाही.

२२ जून २०२५

कॅसेट डेक उघडला. आतले दोन्ही रबरी बेल्ट वितळून कप्प्यांना काळा चिकट लेप बसला होता. तो कापूस आणि अल्कोहोलने काढण्यात सकाळ गेली. जुना बेल्टच उरला नसल्याने मापाचा प्रश्न होता. तेव्हा कप्प्यांभोवती दोरा फिरवून त्याची लांबी मोजली आणि तो दोराच घेऊन पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. दुकानदाराने दोऱ्याकडे एक नजर टाकली, खिळ्याला टांगलेल्या बेल्टच्या जुडग्यातून दोन ओढून काढले आणि, ‘‘मोठा थोडा सैल वाटेल काका, पण बसेल,’’ असे सांगितले. दोन्ही नीट बसले.

कॅसेटची अवस्था डेकपेक्षा बरी निघाली. फीत हेडवर, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी छोटी नमद्याची गादी गोंद सुकून निखळली होती. ती दुसऱ्या एका निरुपयोगी कॅसेटमधून काढून बसवली. कवचाला चार स्क्रू असल्यामुळे हे जमले. चिकटवलेल्या कवचाची कॅसेट असती तर ती फोडावी लागली असती.

हेडचा कोन लावणे हे या सगळ्यातले सर्वांत नाजूक काम. ज्या डेकवर भरणी झाली त्या डेकच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकच्या हेडचा कोन जुळला नाही, तर वरचे सूर मंद होतात आणि सगळे गाणे पडद्याआडून आल्यासारखे वाटते. डावी-उजवी बाजू एकत्र करून, हेडशेजारचा लहान स्क्रू केसभर फिरवीत, झांजेचा आवाज सर्वांत लख्ख कुठे लागतो ते शोधायचे असते. तो बिंदू सापडल्यावर कॅसेटवर ऐकू आलेला आवाज मला पूर्वी कधी मिळाला नसावा, इतका तो स्वच्छ होता.

२८ जून २०२५

कॅसेटची बाजू ‘अ’ एका सलग फाइलमध्ये उतरवली. चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्‌झ. या मापाने एका मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा लागते. खरखर कमी करणारी कोणतीही सोय वापरली नाही.

दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. एलपीची पहिली बाजू संपल्यावर दादाने डेक थांबवलेला नाही. सुई शेवटच्या बंद खाचेत फिरत राहिली आहे आणि तिचा ठोका फितीवर उतरला आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोन ठोक्यांमधले अंतर मोजले तर ते जवळपास १.८ सेकंद भरते, आणि तसेच भरायला हवे, कारण मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास तेवढाच वेळ लागतो. हे ठोके दोन मिनिटांहून अधिक काळ चालतात. मग सुई उचलल्याचा आवाज येतो, शांतता होते आणि दुसरी बाजू सुरू होते. हा ठोका ‘वेलकम टू द मशीन’च्या शेवटी येतो, आणि तिथे तो इतका शोभतो की कॉलेजातल्या आमच्या टोळक्यात तो गाण्याचाच भाग मानला जाई.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अल्बम चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपासचा आहे आणि नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांहून किंचित जास्त चालते, म्हणजे एरवी तो एका बाजूवर बसला असता. या ठोक्यांनी ती शिल्लक खाऊन टाकली. परिणामी शेवटच्या गाण्याचा अखेरचा भाग फीत संपल्यामुळे तुटलेला आहे. माझ्या लेखी हा अल्बम इतकी वर्षे तिथेच संपत आला आहे.

६ जुलै २०२५

एलपीची पहिली बाजू. गणेशोत्सवाच्या तयारीसाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला असून संध्याकाळी त्याचा हादरा टेबलावरच्या सुईपर्यंत पोहोचतो, तेव्हा यापुढचे सर्व काम सकाळी करायचे ठरवले.

‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चे पहिले पाच भाग मिळून साडेतेरा मिनिटांचा तुकडा होतो, आणि त्यात गाण्याचे शब्द यायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पहिली जवळपास चार मिनिटे बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांची आहेत. तळाशी काचेच्या प्याल्यांचा आवाज आहे : १९७३ च्या अखेरीस बँडने घरातल्या वस्तूंवर अख्खा अल्बम वाजवण्याचा एक घाट घातला होता, तो सोडून दिला, पण ओल्या बोटाने प्याल्यांच्या कडा घासून काढलेले सूर जपून ठेवले आणि ते इथे वापरले. त्यावर राइट यांचे हॅमंड ऑर्गन, सोलिना हे तंतुवाद्यांचा आभास देणारे यंत्र आणि मिनीमूग सिंथेसायझर यांचे थर चढत जातात. मंद्र ‘जी मायनर’ हा एकच स्वरमेळ आधारासारखा बराच वेळ धरून ठेवलेला आहे. आपल्याकडच्या श्रोत्याला तानपुऱ्याची सवय असल्यामुळे हे थांबणे त्याला जड जात नाही, हे मला आज प्रथमच नीट उमगले.

कॅसेटवर हा भाग अर्धा खरखरीत बुडलेला होता, आणि मला आठवते त्याप्रमाणे आम्ही तो गिटारची वाट पाहण्यात घालवीत असू. आता थर वेगळे ऐकू येतात आणि वाट पाहावीशी वाटत नाही. वयाचा वाटा त्यात असेल, पण धुतलेल्या तबकडीचाही आहेच.

मग गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांचे चार स्वर येतात : बी फ्लॅट, एफ, जी, ई. यांतला शेवटचा ‘ई’ जी मायनर सप्तकात अपेक्षित नसतो, म्हणूनच तो वाक्यांश पूर्ण झाला तरी मिटत नाही. प्रत्येक वेळी स्वर विरत जातात, मधे मोकळी जागा राहते आणि पुन्हा तेच चार स्वर. १९७४ च्या सुरुवातीला लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातल्या तालमीच्या खोलीत गिल्मोर यांच्या हातून हा तुकडा निघाला आणि बँडचे बासवादक व गीतकार रॉजर वॉटर्स यांना त्यात सिड बॅरेट दिसला, अशी या गाण्याची जन्मकथा आहे. बॅरेट हा बँडचा संस्थापक, पहिला गीतकार आणि गिटारवादक. मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला होता.

सफाईच्या दृष्टीने हीच सर्वांत कठीण जागा आहे. त्या मोकळ्या जागांत तबकडीची प्रत्येक टिकटिक ठळक ऐकू येते. सॉफ्टवेअरला आपोआप टिकटिक काढायला सांगितले तर ते गिटारच्या तारेवर पडलेल्या नखीचा धारदार आरंभही टिकटिक समजून बोथट करते. म्हणून हा भाग हाताने केला : प्रत्येक टोक मोठे करून पाहायचे, ऐकायचे, तबकडीचे असेल तरच पुसायचे. चार मिनिटांच्या संगीताला अख्खी सकाळ लागली.

याच गाण्याच्या बाबतीत खुद्द बँडला असाच प्रसंग आला होता. अल्बमचे मुद्रण झाले त्या लंडनच्या ॲबी रोडच्या तिसऱ्या स्टुडिओत नवी यंत्रणा बसली होती आणि ध्वनिमुद्रक ब्रायन हम्फ्रीज यांना ती सवयीची नव्हती. बऱ्याच मेहनतीने मुद्रित केलेल्या मूळ ट्रॅकवर चुकून प्रतिध्वनी मुद्रित झाला, तो काढण्याचा मार्ग नव्हता, आणि सगळे पुन्हा वाजवावे लागले. वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये यंत्र आले की ते आपली भर घालणारच. त्यांच्याकडे निदान पुन्हा वाजवण्याची सोय होती.

१३ जुलै २०२५

‘वेलकम टू द मशीन’ पुरे केले. चरा इथेच आहे आणि त्याची टिकटिक दर १.८ सेकंदाला येते. ठराविक अंतराने येत असल्यामुळे ती शोधणे सोपे गेले. एका ओळीला गिल्मोर यांचा आवाज पोहोचेना, तेव्हा फितीचा वेग अर्ध्या सेमिटोनाइतका कमी करून त्यांनी ती ओळ गायली आणि मग वेग पूर्ववत केला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. कान लावून ऐकले तरी ती जागा मला सापडत नाही.

या गाण्याविषयी पूर्वीचे मत बदलावे लागेल. व्हीसीएस३ या सिंथेसायझरचा धडधडणारा ठोका आणि त्यावर साधी अकूस्टिक गिटार हा मेळ अजूनही भक्कम आहे. परंतु शेवटी ऐकू येणारा मेजवानीचा गलबला आज उघडउघड नाटकी वाटतो. विसाव्या वर्षी तो फार भेदक वाटत असे.

२० जुलै २०२५

दुसरी बाजू. ‘हॅव अ सिगार’ हे संगीत कंपनीच्या गोडबोल्या अधिकाऱ्याच्या तोंडी घातलेले गाणे आहे. बँडच्या नावातला पिंक हा तुमच्यापैकी कोण, असे विचारणारा हा गृहस्थ बँडला खरोखरच भेटला होता. गायक मात्र बँडबाहेरचा आहे. वॉटर्स यांचा आवाज ‘शाइन ऑन’ गाऊन बसला होता, गिल्मोर यांना हे शब्द आपले वाटत नव्हते, आणि रॉय हार्पर हे इंग्लिश गायक त्याच इमारतीत स्वतःचा अल्बम करीत होते, म्हणून ते गायले. गैरहजेरीवरच्या अल्बमात एका गाण्यातून बँडचे दोन्ही गायकच गैरहजर आहेत, ही योजना नसून अडचण होती, पण ती कामी आली आहे.

या गाण्याच्या शेवटी जे घडते त्यासाठी मी हा प्रकल्प हाती घेतला असे म्हटले तरी चालेल. गिटारचा भरगच्च तुकडा ऐन जोरात असताना एकाएकी आक्रसतो. खालचे सूर जातात, वरचे सूर जातात, आणि अख्खा बँड एका छोट्या रेडिओत जाऊन बसतो. मग कुणीतरी स्टेशन बदलू लागते. खरखर, बोलण्याचे तुकडे, चायकोव्हस्की यांच्या चौथ्या सिंफनीची झलक, आणि शेवटी एका स्टेशनावर बारा तारांची गिटार लागते. तीही रेडिओवरची, बारीक आणि लांबची. हे ऐकणारा कुणी खोलीत बसला आहे. त्याचा खोकला ऐकू येतो, श्वास ऐकू येतो, आणि मग तो रेडिओवरच्या गिटारसोबत स्वतःची गिटार वाजवू लागतो. ही दुसरी गिटार जवळची, भरीव, समोर बसल्यासारखी आहे. ‘विश यू वेअर हिअर’ हे शीर्षकगीत असे सुरू होते. रेडिओचा हा मुलामा गिल्मोर यांच्या मोटारीतल्या रेडिओवरून मुद्रित केला गेला होता.

सॉफ्टवेअरमध्ये या जागेचा आलेख पाहणे उद्बोधक आहे. ‘हॅव अ सिगार’ चालू असताना पडदा खालपासून वरपर्यंत उजळलेला असतो, आणि मग एका उभ्या रेषेपाशी वरची आणि खालची पट्टी एकदम ओस पडते. मधला अरुंद पट्टा तेवढा उरतो. हाच आलेख कॅसेटच्या फाइलचा काढला तर ती रेषा पुसट दिसते, कारण कॅसेटवर वरची पट्टी आधीपासूनच ओस होती आणि फितीची फुसफुस सर्वत्र सारखी पसरलेली होती. बँडने मुद्दाम निर्माण केलेले अंतर आणि माझ्या प्रतीला आपोआप पडलेले अंतर एकमेकांत मिसळून गेले होते. कॉलेजच्या खोलीवर ही कॅसेट वाजवली की नवखा माणूस हमखास उठून हेड साफ करायला बघे, आणि त्याला खाली बसवावे लागे. आता एलपीवर ऐकताना रेडिओतली गिटार किती लांब आहे यापेक्षा दुसरी गिटार किती जवळ आहे, याचा धक्का अधिक बसतो. बोटे तारेवरून सरकतात तो आवाज कॅसेटने मला कधी दिलाच नव्हता.

२६ जुलै २०२५

आज खरखर काढण्याचा प्रयोग केला. सुईच्या बंद खाचेतला निव्वळ तबकडीचा आवाज नमुना म्हणून सॉफ्टवेअरला दिला आणि दुसऱ्या बाजूच्या प्रतीवर तो सौम्य प्रमाणात लावून पाहिला. ‘हॅव अ सिगार’ सुधारले, निदान बिघडले नाही. रेडिओच्या जागेवर मात्र स्टेशनांमधली खरखर अर्धी नाहीशी झाली आणि उरलेली पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडू लागली. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. खरखर काढ असे त्याला सांगितले होते, आणि ही खरखर स्टुडिओतल्या माणसांनी जाणूनबुजून ठेवलेली आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

शीर्षकगीताच्या शेवटी नुकसान आणखी सूक्ष्म आहे. तिथे वाऱ्याचा आवाज वाढत जातो आणि पुढच्या गाण्यात मिसळतो. त्या वाऱ्याखाली एक व्हायोलिन आहे. जॅझमधले थोर फ्रेंच व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली हे प्रख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासोबत ॲबी रोडला मुद्रणासाठी आले होते. त्यांना बोलावून या गाण्यात वाजवायला सांगितले गेले, तीनशे पाउंड मानधन दिले गेले, आणि नंतर मिश्रणात त्यांचा आवाज इतका खाली ठेवला गेला की श्रेयनामावलीत त्यांचे नावही घातले गेले नाही. व्हायोलिन स्पष्ट ऐकू येणारी प्रत २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ती ऐकली, वादन सुंदर आहे, पण गाणे त्यामुळे गोडसर होते, आणि ते मागे ठेवण्याचा निर्णय मला पटतो. एलपीवर, हेडफोन लावून, कुठे ऐकायचे ते माहीत असेल तर त्याचा पुसट धागा वाऱ्यात लागतो. खरखर काढलेल्या फाइलमध्ये तो धागा वाऱ्याबरोबर गेला.

ही प्रत पुसून टाकली. यापुढे खरखर काढण्याचे साधन वापरायचे नाही. फक्त टिकटिक, आणि तीही हाताने. तबकडीची जी फुसफुस राहील ती राहू द्यावी.

३ ऑगस्ट २०२५

शेवटचा तुकडा : ‘शाइन ऑन’चे सहा ते नऊ हे भाग. मुळात हे एकच सलग गाणे होते आणि १९७४ च्या दौऱ्यांत ते तसेच वाजवले जात असे. त्याचे दोन तुकडे करून अल्बमच्या दोन टोकांना ठेवावेत आणि मधे नवी गाणी घालावीत हा आग्रह वॉटर्स यांचा होता. गिल्मोर यांना तो मान्य नव्हता, राइट आणि ड्रमवादक निक मेसन यांनी वॉटर्स यांना साथ दिली. तेव्हाच्या दौऱ्यातली उरलेली दोन मोठी गाणी बाजूला ठेवली गेली आणि नव्या नावांनी १९७७ च्या ‘ॲनिमल्स’ मध्ये आली. आज ऐकताना वॉटर्स यांचा निर्णय योग्य वाटतो, तथापि दुसऱ्या तुकड्याचे सगळेच भाग पहिल्याच्या तोडीचे नाहीत. आठव्या भागातला ठेका रेंगाळतो. बँड छान जमला आहे आणि कुणालाच थांबावेसे वाटत नाही, असे ते वादन आहे.

नववा भाग एकट्या राइट यांच्या नावावर आहे. ठेका पुन्हा संथ होतो, गिटार बाजूला होते आणि सिंथेसायझरवर शोकयात्रेच्या चालीचे एक संथ संगीत सुरू होते. माझी कॅसेट या संगीताच्या मध्येच तुटते. एलपीवर ते पुढे जाते, आवाज हळूहळू विरू लागतो, आणि अगदी अखेरीस, विरण्याच्या काठावर, राइट मिनीमूगवर एक ओळखीची सुरावट वाजवतात. ती ‘सी एमिली प्ले’ची आहे, बॅरेट याने लिहिलेल्या आणि १९६७ मध्ये गाजलेल्या गाण्याची. शेवटचा स्वरमेळ मायनर सोडून जी मेजरमध्ये उघडतो आणि अल्बम संपतो.

ही गोष्ट मी वाचून जाणत होतो आणि फोनवर ऐकलीही होती, पण तेव्हा ती एक माहिती म्हणून ऐकली होती. आज पहिल्या बाजूपासून क्रमाने काम करीत इथवर आल्यावर तिचे वजन कळले. संपूर्ण अल्बमभर बॅरेटविषयी इतर लोक बोलत आहेत. वॉटर्स यांनी त्याच्यावर शब्द लिहिले, गिल्मोर यांच्या चार स्वरांत तो दिसला, आणि शेवटी राइट काहीही न बोलता त्याची स्वतःची चाल वाजवून जागा सोडतात. मिश्रणात ती इतकी खाली आहे की टाळ्यांची अपेक्षा ठेवून ती वाजवलेली नाही हे उघड आहे.

बॅरेटच्या स्टुडिओभेटीची गोष्ट इथे नोंदवणे भाग आहे, जरी ती आता फार उगाळली गेली आहे. ५ जून १९७५ या दिवशी, याच गाण्याचे काम चालू असताना, डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस ॲबी रोडला येऊन बसला आणि तो सिड आहे हे त्याच्या जुन्या सोबत्यांना बराच वेळ ओळखू आले नाही. सांगणाऱ्यांच्या तपशिलांत फरक आहेत. ही गोष्ट ऐकून गाणे अधिक करुण वाटू लागते, आणि नेमके म्हणूनच मी तिला थोडे लांब ठेवतो. गाणे त्या भेटीच्या आधी लिहून झालेले होते आणि त्याला तिचा आधार लागत नाही. बॅरेट २००६ च्या जुलैत वारला. राइट २००८ च्या सप्टेंबरात गेले. राहिलेल्या तिघांत आता राइट यांची जागा घेणारे वादन कुणाकडेही नाही, आणि या अल्बमात ते किती आहे हे लक्षात आल्यापासून मी त्यांना गिटारच्या मागचा माणूस म्हणू शकत नाही.

१० ऑगस्ट २०२५

दादाला दोन्ही फाइली पाठवल्या होत्या, त्याचा फोन आला. ठोक्यांविषयी विचारले. ‘‘अरे, आई चहा घेऊन आली होती, मी बाहेर गेलो,’’ एवढेच त्याचे स्पष्टीकरण. अल्बमची अखेर कापली गेली होती हे त्याला तेव्हाच माहीत होते काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘माहीत होतं की. पण तू कधी तक्रार केली नाहीस, म्हटलं चाललंय.’’ एलपी त्याच्याकडे असल्यामुळे तो ती पूर्ण ऐकत होता. ‘सी एमिली प्ले’ची सुरावट त्याने कधी ओळखली नव्हती; त्याला वाटे की शेवटी सिंथेसायझर नुसता रेंगाळतो. मी सांगितल्यावर त्याने फोन चालू ठेवूनच ती जागा लावली, दोनदा ऐकली आणि, ‘‘आयला,’’ एवढेच म्हणाला.

त्याचे एक मत नोंदवतो, कारण ते माझ्या विरुद्ध आहे. त्याच्या मते आठवा भाग मुळीच रेंगाळत नाही आणि शीर्षकगीत लोकांनी मेजवान्यांत गिटारवर वाजवून वाजवून चोथा केले आहे. दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत आहे.

२४ ऑगस्ट २०२५

अंतिम फाइली तयार केल्या. एलपीचा मूळ उतारा, एका बाजूची एक सलग फाइल, कोणताही बदल न करता वेगळा ठेवला आहे. दुसरी प्रत टिकटिक काढलेली. तिचे पाच तुकडे करताना रेडिओचा भाग ‘हॅव अ सिगार’कडे ठेवावा की शीर्षकगीताकडे, हा प्रश्न आला. सीडीवर शीर्षकगीत रेडिओच्या खरखरीपासून सुरू होते. बँड आक्रसतो तो क्षण मात्र आधीच्या गाण्यात राहतो. तीच विभागणी कायम ठेवली, पण दोन फाइलींमध्ये क्षणभरही खंड पडणार नाही अशी व्यवस्था केली, कारण तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता आली तरी त्या जागेचा सगळा अर्थ जातो. पहिला आणि शेवटचा तुकडा दोन वेगळ्या फाइलींतच राहतील. त्यांना जोडून सलग ऐकण्याचा मोह होतो, आणि एकदा तसे करूनही पाहिले. मधली तीन गाणी नसताना नवव्या भागाला पोहोचलो तेव्हा काहीच घडले नाही.

कॅसेटची फाइल ठोक्यांसह आणि तुटलेल्या शेवटासह ठेवली आहे. तिचा वेग एलपीशी ताडून पाहिला. कॅसेट किंचित वर चढलेली निघाली. दादाचा डेक भरताना हळू चालत होता किंवा माझा आता जलद चालतो आहे, आणि यांपैकी कोणते खरे हे आता ठरवता येणार नाही. फाइलच्या वर्णनात तसे लिहून ठेवले.

सर्व फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्या असून एक डिस्क मुलीच्या घरी ठेवायला दिली आहे. एलपी नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कपाटाच्या वरच्या कप्प्यात उभी ठेवली. कॅसेटच्या ‘ब’ बाजूवर मावशीने रेडिओवरून भरलेली नाट्यगीते आहेत. डेक चालू स्थितीत आहे तोवर तीही उतरवून घ्यायची आहेत. नवा बेल्ट सैल होण्याआधी, म्हणजे गणपती झाल्यावर लगेच, ते काम सुरू करीन.